बिनसीटची सायकल : ट्रायल्ससाठी फ्रेम, ब्रेक आणि सुटे भाग कसे निवडावेत

"अरे, सीट कुठं पाडून आलास?"

व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडे सायकल ढकलत निघालो की हा प्रश्न रोज एकदा तरी कानांवर येतो. कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. पहिल्या रेल्वे गेटपाशी उभे राहणारे एक आजोबा तर मला पाहिले की खिशात हात घालतात आणि सीटसाठी वर्गणी देऊ करतात. त्यांना मी कितीदा सांगितले, की ही सायकल मोडलेली नाही, ती अशीच असते. पण त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांच्या समजुतीसाठी, आणि आपल्या महाविद्यालयात हा खेळ शिकू पाहणाऱ्या चार-पाच मित्रांसाठी, हा लेख लिहीत आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु सायकलीची खरेदी हा शेवटी जमाखर्चाचाच विषय आहे, आणि त्या जमाखर्चात मी एकदा चांगलाच बुडालो आहे. तो अनुभवही पुढे येईलच.

हा खेळ आहे तरी काय?

ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. येथे वेगाला महत्त्व नाही. खडक, लाकडाचे ओंडके, सिमेंटचे ठोकळे अशा अडथळ्यांचा एक छोटा टप्पा आखलेला असतो. जमिनीला पाय न लावता, साधारण दोन मिनिटांच्या ठरलेल्या मुदतीत, तो सायकलीवरून पार करायचा असतो. जुन्या पद्धतीत पाय टेकला की एक दोषगुण मिळे आणि पाच दोषगुण झाले की तो टप्पा हातचा गेला. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो विजयी. आमच्या परीक्षांत अशी पद्धत असती तर माझा क्रमांक नक्कीच वर लागला असता! अलीकडे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या स्पर्धांत टप्प्यातील फाटके ओलांडून गुण मिळवायचे असतात. पण खेळाचा गाभा तोच आहे. तोल, संयम आणि योग्य क्षणी एकवटलेली ताकद.

खेळाचे मूळ मोटारसायकलीच्या ट्रायल्समध्ये आहे. स्कॉटलंडमधील डोंगराळ वाटांवर मोटारसायकलींची अशी परीक्षा १९०९ पासून होत आली आहे. सायकलीचा खेळ मात्र स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात वाढला. मोन्तेसा ह्या मोटारसायकल कंपनीशी संबंधित असलेले नामांकित चालक पेरे पी ह्यांनी आपला मुलगा ओट ह्याला लहानपणी सायकलीवरच हे कौशल्य शिकवले, आणि पुढे अशा सायकली बनवण्याचा मोंटी हा उद्योगही उभा केला. ओट पी जगज्जेता झाला. म्हणजे ह्या खेळाचा आरंभच बाप आणि मुलगा ह्यांच्या अंगणातला आहे. ही गोष्ट मी वाचली तेव्हा सहज वाचली. तिचा अर्थ मला फार उशिरा कळला.

आपल्यापैकी बहुतेकांना ह्या खेळाची ओळख झाली ती डॅनी मॅकॅस्किल ह्या स्कॉटिश तरुणामुळे. एप्रिल २००९ मध्ये त्याची एडिंबरा शहरात चित्रित केलेली फीत प्रसिद्ध झाली. टोकदार लोखंडी कुंपणावरून सायकल नेणारा हा मुलगा त्या वेळी सायकलीच्या दुकानात कारागीर म्हणून काम करीत होता. ज्याला हत्यार हातात धरता येते त्यालाच ही सायकल नीट चालवता येते, हा त्यातला धडा मला वाटतो.

आधी चाक ठरवा

नवख्याने पहिला निर्णय चाकाचा घ्यावा. ट्रायल्सच्या सायकली मुख्यतः तीन मापांच्या असतात : २० इंची, २४ इंची आणि २६ इंची.

२० इंची सायकल हलकी, सुमारे ७ ते ९ किलोची असते. तिचे मागचे चाक नावाला २० इंची. प्रत्यक्षात मागची रिम १९ इंची असून तिच्यावर जाड टायर चढवतात, म्हणजे दगडाच्या कडेवर आदळताना रिम वाचते. ही सायकल हाताळायला चपळ आणि एका जागी उड्या मारायला सोपी. २६ इंची सायकल साधारण ८ ते १० किलोची. मोठे चाक लहान खड्डे व फटी सहज ओलांडते आणि उंच पायरीच्या कडेला चांगले पकडते. पण ते फिरवायला ताकद लागते. जागतिक स्पर्धांत २० आणि २६ इंची असे दोन स्वतंत्र गट असतात. २४ इंची सायकल ही रस्त्यावरच्या, भिंती आणि कठड्यांवरच्या करामतींची. तिला बहुधा एक छोटीशी सीटही असते. मॅकॅस्किलची ती प्रसिद्ध सायकल ह्याच मापाची होती.

ज्यांची उंची कमी आहे किंवा ज्यांना स्पर्धेच्या पद्धतीने शिकायचे आहे, त्यांनी २० इंची घ्यावी. साध्या डोंगरी सायकलीवरून येणाऱ्यांना २६ इंची अधिक ओळखीची वाटते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : दोन्हींचे सगळेच सुटे भाग एकमेकांत चालतात असे नाही. मागच्या हबची रुंदी २० इंचीत साधारण ११६ मिलिमीटर आणि २६ इंचीत १३५ मिलिमीटर असते. "आधी स्वस्त मिळाले ते चाक घेऊन ठेवू, फ्रेम नंतर बघू" असे करणाऱ्याच्या घरी भंगाराचे दुकान होते.

फ्रेम : आकडे काय बोलतात?

फ्रेम पाहताना लोक रंग पाहतात. पाहायचे असते ते माप. मुख्य मापे तीन.

पहिले, दोन चाकांच्या आसांमधील अंतर. २० इंचीत ते एक मीटरच्या आसपास असते, २६ इंचीत त्याहून सात-आठ सेंटिमीटर जास्त. अंतर जास्त असेल तर सायकल शांत उभी राहते. कमी असेल तर चटकन वळते.

दुसरे, क्रँकच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर. ट्रायल्सच्या फ्रेममध्ये हे मुद्दाम आखूड ठेवतात. २० इंचीत सुमारे ३५० आणि २६ इंचीत सुमारे ३८० मिलिमीटर. कारण सोपे आहे. ह्या खेळात बराचसा वेळ मागच्या एका चाकावर उभे राहण्यात जातो. मागचे चाक आपल्या पायांखाली जितके जवळ, तितके पुढचे चाक उचलणे सोपे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, क्रँकच्या आसाची उंची. रोजच्या सायकलीत हा आस चाकांच्या आसांपेक्षा खाली असतो. ट्रायल्समध्ये तो बरोबरीत किंवा वर असतो. स्पर्धेच्या सायकलीत कितीतरी सेंटिमीटर वर. आस उंच असला की मागच्या चाकावर चढणे हलके होते आणि खडकाला क्रँक घासत नाही. आस खाली असला की दोन चाकांवरचा तोल सोपा जातो. नवख्याने फार उंच आसाची फ्रेम घेऊ नये. ती चांगली नाही असे नव्हे. ती चुका माफ करीत नाही.

हँडलही सायकलीच्या बेतातच येते. ते रुंद, सत्तर सेंटिमीटर किंवा अधिक, आणि त्याला धरणारी दांडी पुढे व वर झेपावलेली असते. बसायचे नसल्याने अंगाचा भार हात आणि पाय ह्यांवरच पेलायचा असतो. सीट का नाही, ह्याचे उत्तरही येथेच आहे. उडी मारण्यापूर्वी गुडघे खोल वाकवावे लागतात, आणि सीट असती तर तीच मध्ये आली असती.

धातूविषयी दोन शब्द. बहुतेक फ्रेम अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या असतात, आणि रस्त्यावरच्या काही सायकली क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या. अ‍ॅल्युमिनियम हलके, पण त्याचा एक स्वभाव आहे. पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही. प्रत्येक आदळण्याने त्याचे थोडे आयुष्य कमी होते. आम्ही वाणिज्यवाले ह्याला घसारा म्हणतो. यंत्र चालू असते, दिसायला नवे दिसते, पण वहीत त्याची किंमत दरवर्षी उतरत असते. जुनी अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम घेताना विक्रेत्याने तिच्यावर किती घसारा करून ठेवला आहे, हे रंग सांगत नाही.

ब्रेक : थांबवायला नव्हे, धरून ठेवायला

रस्त्यावरच्या सायकलीचा ब्रेक वेग कमी करतो. ट्रायल्सच्या ब्रेकने चाक जागच्या जागी खिळवून ठेवायचे असते. मागच्या चाकावर, ओंडक्याच्या टोकावर, माणूस उभा आहे. ब्रेक बोटभरही घसरला तर माणूस खाली. शिवाय लिव्हर एका बोटाने ओढायची असते, कारण बाकीची बोटे हँडल धरण्यात गुंतलेली असतात.

ब्रेक दोन प्रकारचे चालतात. एक, रिमवर दाबणारा द्रवचलित ब्रेक. जर्मनीच्या मॅगुरा कंपनीचा एचएस-३३ हा ह्यातला सर्वांत परिचित. दुसरा, हबजवळच्या चकतीवर दाबणारा डिस्क ब्रेक. इंग्लंडमधील होप कंपनीने तर ट्रायल्ससाठी खास डिस्क ब्रेक बनवले.

ह्यांतला फरक हिशेबाने पाहू. चाक रोखण्यासाठी लागणारा पिळाचा जोर म्हणजे घर्षणाचे बल गुणिले आसापासूनचे अंतर. २६ इंची चाकाची रिम आसापासून सुमारे २८ सेंटिमीटरवर असते. १६० मिलिमीटर चकतीवर पॅड दाबतात ती जागा आसापासून सुमारे ७ सेंटिमीटरवर. २८ भागिले ७ म्हणजे ४. तितकेच काम करायला डिस्कच्या पॅडना रिमच्या चौपट घर्षण निर्माण करावे लागते. २० इंची सायकलीत मागची रिम आसापासून सुमारे १९ सेंटिमीटरवर, म्हणून हे प्रमाण पावणेतीन पटींवर येते. लहान चाकात डिस्क ब्रेकला काम हलके पडते ते ह्यामुळे.

मग रिमचाच ब्रेक का घेऊ नये? कारण त्याचेही हट्ट आहेत. रिमची बाजू ग्राइंडरने खरबरीत करावी लागते, तेव्हा तो खरा पकडतो. मग पॅड लवकर झिजतात आणि काही आठवड्यांनी रिम पुन्हा घासावी लागते. रिम वाकली की ब्रेक बिघडला. शिवाय ब्रेक दाबला की फ्रेमचे मागचे दोन पाय बाहेर फाकू पाहतात. ते आवरण्यासाठी घोड्याच्या नालेसारखी एक पट्टी वरून जोडतात, तिला बूस्टर म्हणतात. डिस्कला ही कटकट नाही. बेळगावच्या पावसात चिखल उडाला तरी चकती उंचावर असते आणि वाकड्या रिमशी तिला देणेघेणे नाही. पण चकतीला तेलाचा एक थेंब लागला की पॅड निकामी होतात, आणि चकती वाकली की खरखर सुरू होते.

माझा सल्ला असा : २६ इंचीत मागे रिम ब्रेक आणि पुढे डिस्क ही जोडी नवख्याला बरी. पण फ्रेम घेण्यापूर्वीच हे ठरवा. रिम ब्रेकसाठी फ्रेमवर चार स्क्रूंची बैठक लागते, डिस्कसाठी वेगळी. चुकीची बैठक असलेली फ्रेम घरी आली की पुढे उपाय राहत नाही. तीच गोष्ट पुढच्या चिमट्याची.

आणखी एक. ब्रेकमधील द्रव दोन जातींचे असतात : खनिज तेल आणि मोटारीत घालतात तो डॉट द्रव. मॅगुरात पहिले, होपमध्ये दुसरा. त्यांची अदलाबदल झाली तर आतील रबरी सील फुगतात व ब्रेक जातो. मोटारीच्या गॅरेजमध्ये "तेल ते तेल" म्हणून काहीही भरून देतील. बाटलीवरचे नाव आपण वाचावे.

गिअर आणि फ्रीव्हील : थोडे गणित

ह्या सायकलीला एकच गिअर असतो, आणि तो हलका असतो. चाकाचा व्यास गुणिले पुढचे दाते भागिले मागचे दाते, असा जुना हिशेब आहे. आमच्या घरची काळी सायकल २८ इंची, पुढे ४४ दाते, मागे १८. उत्तर ६८. २६ इंची ट्रायल्स सायकल, पुढे १८ व मागे १५ : उत्तर ३१. २० इंची, पुढे १८ व मागे १२ : उत्तर ३०. चाकांची मापे वेगळी असूनही दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी येतात. हे पाहून मला ताळेबंद जुळल्याचा आनंद झाला होता. घरची सायकल पायडलच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर जाते. ही जाते अडीच मीटर. पण अर्ध्या फेरीच्या झटक्यात तिला जो जोर येतो, तो काळ्या सायकलीला कधीच येणार नाही.

फ्रीव्हील ह्या सायकलीत बहुधा मागे नसून पुढे, क्रँकवर असते. १२ किंवा १५ दात्यांच्या छोट्या चक्रात मजबूत फ्रीव्हील मावत नाही, म्हणून ते पुढच्या १८ दात्यांत बसवतात आणि मागचे चक्र हबला पक्के असते. आता टप्प्यांचे पाहा. पायडल मागे-पुढे करताना फ्रीव्हील एका दात्यावरून दुसऱ्यावर अडकेपर्यंत पाय रिकामा फिरतो. १६ टप्प्यांच्या साध्या फ्रीव्हीलमध्ये हे अंतर साडेबावीस अंशांपर्यंत, म्हणजे १७० मिलिमीटरच्या क्रँकला जवळजवळ पावणेसात सेंटिमीटर. ७२ टप्प्यांच्या फ्रीव्हीलमध्ये पाच अंश, म्हणजे दीड सेंटिमीटर. १०८ टप्प्यांच्यात एक सेंटिमीटर. एका चाकावर तोल सावरताना पाय पावणेसात सेंटिमीटर रिकामा गेला, तर तोपर्यंत आपण जमिनीवर पोचलेले असतो. म्हणून येथे पैसे वाचवू नयेत. स्वस्त फ्रीव्हील जोराच्या क्षणी आतून निसटते, आणि तेव्हा सारा भार गुडघा किंवा हनुवटी घेते.

चेन, टायर आणि बाकीचे

चेन रुंद, एका गिअरची, जाड पिनांची घ्यावी आणि ताण नेहमी नीट ठेवावा. एकेका कडीचा जीव किती हे पाहण्यासाठी दर आठवड्याला रॉकेलने पुसून वाकलेली कडी शोधावी. एकदा उघडलेली पिन पुन्हा दाबून वापरणे मी बंद केले आहे.

मागचा टायर जाड पोटाचा हवा. हवा मात्र कमी, वजनाप्रमाणे साधारण २० पीएसआयच्या आसपास. रस्त्याच्या सायकलीत ह्याच्या दुपटीहून जास्त असते. कमी हवेमुळे टायर दगडाला बिलगतो आणि उडी मारताना चेंडूसारखा साथ देतो. फार कमी केली तर ट्यूब रिम आणि दगड ह्यांच्यात चिमटते व शेजारी शेजारी दोन भोके पडतात. रिमला मधोमध भोके पाडलेली दिसतात ती वजन कमी करण्यासाठी. ती नक्षी नव्हे.

क्रँकखाली खडकाचा मार घेणारी पट्टी किंवा कडे असते. बूट घसरू नयेत म्हणून पायडल दातेरी असते आणि तेच दाते नडगी सोलतात. तेव्हा हेल्मेट आणि नडगीचे कवच ही दोन्ही सायकलीच्या किमतीतच धरावीत. नंतरचा खर्च समजू नये.

माझा बुडीत खर्च

आता कबूल केल्याप्रमाणे माझी गोष्ट. दोन वर्षे शेजारच्या मुलांच्या शिकवण्या करून मी पैसे साठवले. त्यांतून दुसऱ्या शहरातील एका अनोळखी माणसाकडून २६ इंची जुनी फ्रेम आणि चिमटा अठरा हजारांना घेतला. छायाचित्रांत फ्रेम काळीभोर चमकत होती. घरी मी किंमत सांगितली नाही. माझे वडील उद्यमबागेत एका फौंड्रीत तपासणीच्या कामावर आहेत. ओतीव भागांत चीर आहे का, हे पाहणे हीच त्यांची रोजची भाकरी. त्यांना फ्रेम दाखवली असती तर त्यांनी किंमत विचारली असती. म्हणून मी त्यांना ती दाखवलीच नाही.

तिसऱ्या आठवड्यात हँडलखालून बारीक करकर ऐकू येऊ लागली. मी ग्रीस लावले. आवाज थांबला नाही, तेव्हा मी तो ऐकणे थांबवले. एका रविवारी सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडाखालच्या एका खडकावरून पुढचे चाक टेकवताना फ्रेमची खालची नळी पुढच्या जोडाजवळ उघडली. मी उजव्या मनगटावर पडलो. माझा कन्नड विभागातला मित्र बरोबर होता. त्याने मला आणि सायकलीच्या दोन तुकड्यांना एकाच रिक्षात घालून आणले.

सहामाही परीक्षा अठरा दिवसांवर होती. कॉस्ट अकाउंटिंगचा पेपर मी लेखनिकाच्या हाताने दिला. खर्चपत्रकाचे रकाने तोंडाने सांगणे किती अवघड असते, हे ज्याने केले त्यालाच कळेल. जेमतेम पास झालो.

वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत. रात्री त्यांनी मोडलेली फ्रेम अंगणात घेतली. चिंधीने तिला रॉकेल पुसले, थोडा वेळ थांबले, मग कोरड्या फडक्याने लख्ख कोरडी केली आणि खडूची पूड भुरभुरली. पाहता पाहता पांढऱ्या पुडीवर ओल्या केसासारख्या दोन काळ्या रेषा उमटल्या : एक मागच्या ब्रेकच्या बैठकीपाशी, एक क्रँकच्या आसाजवळ. चिरेत शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. मोडलेल्या जागी आधीची भेग रंगाखाली दाबलेली होती; आत रंग गेलेला दिसत होता.

"विचारलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं," ते एवढेच म्हणाले.

मी विचारले, वेल्डिंग करून चालेल का? ते म्हणाले, वेल्डिंग कुणीही करून देईल. पण ह्या धातूला ताकद येते ती नंतरच्या उष्णतेच्या प्रक्रियेने. सांधा तापला की आजूबाजूचा भाग मऊ पडतो. तो पुन्हा कडक कोण करणार? दिसायला जोडलेली, आतून पोकळ, अशी फ्रेम मुलाला देऊ नये. अठरा हजारांचा आकडा मी त्या रात्री सांगितला. त्यांनी मान हलवली. त्यांना तो आकडा आधीच ठाऊक असावा, असे मला अजून वाटते.

खरेदीचा क्रम

ह्या अनुभवातून मी जो क्रम बनवला तो असा.

पहिले, बजेटचे तीन भाग करावेत. मोठा भाग जेथे मोडल्यास माणूस मोडतो तेथे : फ्रेम, चिमटा, हँडल व त्याची दांडी, क्रँक. दुसरा भाग जेथे निसटल्यास माणूस पडतो तेथे : ब्रेक, फ्रीव्हील, चेन. उरलेल्यात चाके, टायर, पायडल. पायडल, मुठी आणि मार घेणारी पट्टी जुनी घेतली तरी चालते. पट्टी तर उद्यमबागेतील कोणत्याही लेथवर अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून करून मिळते; माझी तशीच केली आहे.

दुसरे, अ‍ॅल्युमिनियमची जुनी फ्रेम, चिमटा किंवा हँडल न पाहता घेऊ नये. पुन्हा रंग दिलेली फ्रेम शक्यतो घेऊच नये. घेतलीच तर पुढचा जोड, क्रँकच्या आसाभोवतीचे सांधे, ब्रेकच्या बैठका आणि मागच्या आसाच्या खाचा, ह्या चार जागी रॉकेल आणि खडू करावा. खर्च दहा रुपयेदेखील येत नाही. रॉकेल पॅडना किंवा चकतीला लागणार नाही, इतकी काळजी घ्यावी.

तिसरे, नवा आवाज म्हणजे नवी बातमी. करकर ऐकू आली की त्या दिवशीचा सराव बंद.

चौथे, घरी किंमत सांगावी. ज्या खरेदीची किंमत घरात सांगता येत नाही ती खरेदी महागच असते, मग ती कितीही स्वस्त असो.

शेवटी

मनगट बरे व्हायला सात आठवडे लागले. नवी फ्रेम यायला आणखी आठ महिने. ह्या खेपेस पोलादाची, २४ इंची, थोडी जड, सीटसकट. पहिल्या रेल्वे गेटवरच्या आजोबांना वाटते, त्यांच्या वर्गणीनेच सीट आली. जुनी बिनसीटची चाके, ब्रेक वगैरे सामान मी एका मित्राच्या तपासलेल्या फ्रेमवर चढवले आहे, आणि आम्ही दोघे आळीपाळीने ती चालवतो.

माझा चुलतभाऊ नववीत आहे. तो आता रोज मैदानावर येतो आणि मला सायकल मागतो. देण्यापूर्वी मी दर रविवारी अंगणात फडके, रॉकेल आणि खडू घेऊन बसतो. वडील ओट्यावरून पाहत असतात. एखादी जागा राहिली तर बोटाने दाखवतात.

मैदानावर उडी मारताना माझा कन्नड मित्र मागून ओरडतो, "निधान! निधान!" त्याच्या भाषेत त्याचा अर्थ सावकाश, दमाने. मी मराठी शाळेत शिकलो. तेथे निधान म्हणजे ठेवा, जपून ठेवलेले धन. दोन्ही अर्थ मला आता एकाच ठिकाणी लागू पडतात. जे दमाने घेतले आणि तपासून घेतले, तेच शेवटी गाठीला राहते. वाचक मित्रांनी सायकल जरूर घ्यावी. पण घेण्यापूर्वी खडूची एक कांडी खिशात टाकावी, एवढीच विनंती.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष